‘एन’ नाशिकचा नको

‘एम फॉर मुंबई, एच फॉर हाऊस, बारा, एन फॉर नाशिक, पी फॉर पुणे...’ नाकाबंदी असो, विसर्जनाचा बंदोबस्त असो की गडावर अडकलेल्या ट्रेकरचा शोध असो, वॉकीटॉकीवर गाडीचा नंबर बहुधा असाच सांगितला जातो. सांगणाऱ्याला वाटते, आपण अगदी स्पष्ट बोललो. पलीकडे खरखरीतून तीन शहरांची नावे पोचतात. गाडी मुंबईहून नाशिकमार्गे पुण्याला निघाली आहे, असा समज करून घेणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. त्याच्या कानावर जे आले, त्याचा सरळ अर्थ तोच होतो.

या अडचणीवरचा उपाय १ मार्च १९५६ पासून जगभर लागू आहे. आल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट, गोल्फ, हॉटेल, इंडिया, ज्युलिएट, किलो, लीमा, माइक, नोव्हेंबर, ऑस्कर, पापा, क्वेबेक, रोमिओ, सिएरा, टँगो, युनिफॉर्म, व्हिक्टर, व्हिस्की, एक्स-रे, यँकी, झुलू. शब्द सव्वीस, पैसा शून्य, आणि पाठ करायला आठवडाभर रोजची दहा मिनिटे पुरतात. विमानतळावर, नौदलात, तटरक्षक दलात, पोलिसांच्या बिनतारी विभागात हे शिकवले जाते, त्यामुळे माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. गेल्या काही वर्षांत बिनतारी संच ज्यांच्या हाती आले, त्यांच्याबद्दल मला बोलायचे आहे. आपत्ती व्यवस्थापनाचे स्वयंसेवक, यात्रेतले सेवेकरी, सोसायट्यांचे सुरक्षारक्षक, शोध-बचाव करणारे गिर्यारोहक, मासेमारी बोटींवरचे तांडेल. यांना संच मिळतो, बटण कुठे आहे ते दाखवले जाते आणि प्रशिक्षण तिथेच संपते. अक्षरे कशी सांगायची, हे ज्याच्या त्याच्या कल्पनाशक्तीवर सोडले जाते. ही हयगय आहे आणि ती थांबवणे अवघड नाही, असे माझे ठाम मत आहे.

‘आल्फा-ब्राव्हो’ म्हणणे ही लष्करी ऐट आहे, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. तो काढायचा तर आधी अक्षरांची नावे रेडिओवर का बुडतात, ते नीट पाहायला हवे.

इंग्रजी मुळाक्षरांची नावे आपण म्हणतो तशी म्हणून पाहा. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही आठ नावे ‘ई’वर संपतात. एफ, एल, एम, एन, एस, एक्स ही सहा ‘ए’ने सुरू होऊन एखाद्या व्यंजनावर संपतात. ए, एच, जे, के यांत ‘ए’च ठळक. म्हणजे सव्वीसपैकी अठरा अक्षरे तीन गटांत कोंबलेली आहेत, आणि गटातल्या गटात फरक आहे तो केवळ एका व्यंजनाचा. आवाजाचा जोर असतो स्वरात. व्यंजन म्हणजे सेकंदाच्या काही शतांश भागात होऊन जाणारा स्फोट, घर्षण किंवा नाकातला गुंजार. त्यात साधा वॉकीटॉकी साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवतो. ‘स’च्या घर्षणाची बरीचशी शक्ती ४००० हर्ट्झच्या वर असते, ती गाळली जाते आणि ‘एफ’ व ‘एस’ जुळी भावंडे होतात. ‘एम’ आणि ‘एन’ यांच्यातला फरक तर ओठ मिटले की जीभ दाताला टेकली, या हालचालीच्या खुणेपुरताच. पावसात, वाऱ्यात, इंजिनाच्या घरघरीत ती खूण पहिली पुसली जाते. मग ‘ई’ लख्ख ऐकू येते, पण ती बीची, डीची, पीची की टीची, ते कळत नाही. आवाज वाढवून उपयोग होत नाही. ओरडल्याने स्वर मोठा होतो, व्यंजन तेवढेच राहते.

डिजिटल संचांनी हा प्रश्न मिटवला, असे विक्रेते सांगतात. तसे झालेले नाही. डीएमआर या प्रचलित डिजिटल रेडिओ पद्धतीत आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करून तीन-तीन तुकडे एका झटक्यात पाठवले जातात. सिग्नल कमकुवत असताना एक झटका हरवला की ६० मिलिसेकंद आवाज गेला. ‘पी’मधला ‘प’ जवळपास एवढ्याच वेळात उच्चारून होतो. जुन्या संचावर खरखर वाढायची, तेव्हा ऐकणारा सावध व्हायचा. डिजिटल संचावर कधीकधी खरखर न होता अक्षरच गाळले जाते, आणि जे उरते ते स्वच्छ ऐकू येते. म्हणून हा धोका मला जास्त मोठा वाटतो. ‘पापा’ किंवा ‘नोव्हेंबर’ उच्चारायला अर्धा सेकंद लागतो. त्यातून ६० मिलिसेकंद गेले तरी शब्द ओळखू येतो.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, ‘ठीक आहे, शब्द वापरू. पण नोव्हेंबरच कशाला? नाशिक काय वाईट? तोही दोन-तीन अक्षरी शब्दच आहे.’ माझ्या मते सगळा वाद इथेच आहे, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबतो.

१९५१ साली जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोंगाट तेवढाच ठेवून लोकांना शब्द ऐकवले. कोणत्या शब्दांतून निवडायचे आहे, हे ऐकणाऱ्याला आधी ठाऊक असेल आणि ती यादी छोटी असेल, तर तोच शब्द त्याच गोंगाटात कितीतरी जास्त वेळा बरोबर ओळखला जातो, असे दिसून आले. शब्द बदलला नव्हता, गोंगाट बदलला नव्हता. ऐकणाऱ्याच्या मनातले पर्याय तेवढे कमी झाले होते. प्रमाण यादीचे बळ नेमके यात आहे. ‘...व्हें...र’ एवढेच कानावर आले, तरी यादी पाठ असलेल्या माणसासमोर पर्याय सव्वीसच असतात आणि त्यांत हे एकालाच बसते. उलट सांगणारा मनाला येईल तो शब्द घेणार असेल, तर ऐकणाऱ्यापुढे अख्खा शब्दकोश, गावांची नावे, माणसांची नावे, सगळे खुले होते. ‘...शिक’ ऐकू आले, तर नाशिक, वार्षिक, मासिक, काहीही. यादी बोलणाऱ्याच्या सोयीसाठी नसून ऐकणाऱ्याच्या मदतीसाठी आहे, आणि ही मदत यादी दोघांचीही एकच असेल तरच मिळते. तुमचा शब्द कितीही छान असो, त्याला माहीत नसेल तर त्याचा उपयोग निम्म्याहून कमी.

यादीतले शब्द कोणाच्या लहरीने आलेले नाहीत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात ‘ॲक, बीअर’ होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कर आणि नौदल ‘एबल, बेकर’ वापरत. ‘संदेश मिळाला’ या अर्थाचा ‘रॉजर’ त्याच यादीतला आर. यादी गेली, ‘रॉजर’ मात्र सगळ्यांच्या तोंडी राहिला. १९३२ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘ॲम्स्टरडॅम, बाल्टिमोर, कासाब्लांका’ अशी बहुतांशी शहरांची यादी ठरवली होती. म्हणजे भूगोलाचा प्रयोग आपल्या आधी जगाने करून पाहिला आहे. मग मॉन्ट्रियल विद्यापीठातले भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाँ-पॉल विने यांच्या मदतीने नागरी विमान वाहतुकीसाठी नवी यादी तयार झाली आणि १९५१ च्या नोव्हेंबरात लागू झाली. तिच्यात ‘सी’साठी कोका, ‘एम’साठी मेट्रो, ‘एन’साठी नेक्टर, ‘एक्स’साठी एक्स्ट्रा होते. वैमानिकांनी तक्रारी केल्या. नेक्टर आणि व्हिक्टर एकमेकांत मिसळत, डेल्टा आणि एक्स्ट्रा मिसळत. पुन्हा चाचण्या झाल्या, ३१ देशांच्या लोकांचे कान आणि जिभा त्यात वापरल्या गेल्या. पाच शब्द बदलून १९५६ ची यादी ठरली.

त्या चाचण्यांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकट्याने उच्चारला तर ‘फॉक्सट्रॉट’पेक्षा ‘फुटबॉल’ जास्त सहज ओळखला जातो. पण बाकीच्या पंचवीस शब्दांच्या सोबतीने, सलग संभाषणात, ‘फॉक्सट्रॉट’ सरस ठरतो. शब्दाची पारख अशी पंगतीत होते. यादीतला एक शब्द ‘आपल्याला सोपा’ म्हणून बदलणाऱ्याने आधी हे तपासायला हवे की नवा शब्द उरलेल्या पंचविसांशी भांडत तर नाही ना.

काळजी किती बारीक होती, याची खूण स्पेलिंगमध्येही सापडते. अधिकृत यादीत आल्फा लिहिताना ‘पीएच’ऐवजी ‘एफ’ घेतला आहे, कारण सगळ्या भाषांत ‘पीएच’चा उच्चार ‘फ’ होत नाही. ज्युलिएटच्या शेवटी दोन ‘टी’ आहेत, कारण एकच असता तर फ्रेंच माणूस तो गिळला असता. आकड्यांचेही तसेच. थ्रीऐवजी ‘ट्री’, फोरऐवजी ‘फोवर’, फाइव्हऐवजी ‘फाइफ’ आणि नाइनऐवजी ‘नाइनर’. फाइव्ह आणि नाइन यांच्यात ‘आइ’ हा स्वर समान असल्याने ते रेडिओवर हमखास अदलाबदल होतात, म्हणून नऊला शेपूट जोडले.

आता आपल्या किनाऱ्यावर या. महाराष्ट्रातल्या मासेमारी बोटीचा नोंदणी क्रमांक ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होतो, मग एक आकडा, मग ‘एमएम’, मग बोटीचा क्रमांक. एका ओळीत तीन ‘एम’ आणि एक ‘एन’. गोव्याच्या बोटीला ‘एमएच’च्या जागी ‘जीए’. इंजिन बंद पडून बोट वाहत चालली आहे आणि तांडेल चॅनल १६ वर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, मदत मागतो आहे. त्याची बोली कोळी किंवा मालवणी. ऐकणारा तटरक्षक दलाचा जवान केरळचा असेल, हरियाणाचा असेल. शेजारून जाणाऱ्या मालवाहू जहाजावरचा अधिकारी फिलिपिन्सचा किंवा युक्रेनचा असेल, आणि सर्वांत आधी पोचणारा तोच असण्याची शक्यता मोठी. त्याला ‘एम फॉर मुंबई’ कळेलही कदाचित, पण ‘एच फॉर हर्णे’ कळणार नाही. ‘माइक, हॉटेल’ मात्र तो झोपेतही ओळखेल, कारण त्याचे सगळे प्रशिक्षण त्या शब्दांवर झाले आहे. दोघांना जोडणारी भाषा त्या क्षणी ही सव्वीस शब्दांचीच.

डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांच्यासह हौशी रेडिओ चालकांचे एक पथक पोर्ट ब्लेअरला होते. बाकीची संपर्कसाधने कोलमडली असताना त्यांच्या केंद्रांवरून संदेश गेले. त्यांतल्या एका केंद्राची खूण होती व्हीयूफोर-आरबीआय. भारतात ‘आरबीआय’ म्हटले की रिझर्व्ह बँक डोळ्यांसमोर येते, आपल्यापुरती ती खूण विसरणे अशक्य. पण जपानमध्ये किंवा फिनलंडमध्ये बसून ती उतरवून घेणाऱ्याला आपल्या बँकेचे काय? त्याला ‘व्हिक्टर युनिफॉर्म फोर रोमिओ ब्राव्हो इंडिया’च हवे.

हौशी रेडिओवाल्यांचा एक आक्षेप मात्र दखल घेण्यासारखा आहे. दूरच्या केंद्राला एकाच वेळी पन्नास जण हाका मारत असतात, तेव्हा ‘सिएरा’पेक्षा ‘सँटियागो’ आणि ‘किलो’पेक्षा ‘किलोवॅट’ गर्दीतून वर येतो, असा त्यांचा अनुभव आहे. शब्द लांब, म्हणून हे पटण्यासारखे आहे. माझे म्हणणे एवढेच की आधी प्रमाण शब्द दोनदा सांगावेत. तरीही एखादे अक्षर अडले, तर त्या एका अक्षरासाठी एकदा दुसरा शब्द द्यावा. पहिल्याच हाकेला घरची यादी बाहेर काढली की ऐकणाऱ्याची बंद यादी आपण स्वतःच फोडतो. अपवाद असतात आणि ते ठरवून करता येतात. अटलांटाच्या विमानतळावर डेल्टा याच नावाच्या कंपनीची शेकडो विमाने असल्याने ‘डी’ टॅक्सीवेला, म्हणजे विमाने धावपट्टीकडे नेण्याच्या रस्त्याला, अनेक वर्षे ‘डिक्सी’ म्हणत. तिथल्या सगळ्यांनी मिळून, लिहून ठरवलेला तो बदल होता. कुण्या एकाने माइकवर बसून केलेला नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रात, मराठी माणसांनी, मराठीत बोलताना हे परके शब्द का पाठ करायचे? याचे उत्तर मी दोन भागांत देईन. रोमन लिपीत लिहिलेला क्रमांक किंवा संकेत असेल, जसे गाडी, बोट, विमान, रेल्वेचा डबा, तर तिथे १९५६ चीच यादी, तंतोतंत. ते शब्द इंग्रजांचे म्हणून नव्हे, सगळ्यांचे म्हणून घ्यायचे. पण मराठी गावाचे किंवा माणसाचे नाव देवनागरीत उतरवायचे असेल, तर ही यादी अपुरी आहे. रोमन स्पेलिंगमधून ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’, ‘ट’ आणि ‘त’ वेगळे काढता येत नाहीत. इथे आपल्याला आपली यादी हवी, आणि सर्वमान्य अशी यादी आपण अजून केलेली नाही.

देवनागरीची अडचण इंग्रजीपेक्षाही बिकट आहे. इंग्रजीत आठ नावांचे यमक जुळते, आपल्याकडे क-ख-ग-घपासून ह-ळपर्यंत सगळीच ‘अ’वर संपतात. शिवाय क आणि ख, त आणि थ, ब आणि भ यांत फरक फक्त श्वासाच्या फुंकरीचा, आणि रेडिओ सर्वांत आधी टाकतो ती फुंकरच. त्यात बोलींची भर. उत्तर कोकणात ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो, वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ही त्या माणसांची चूक नव्हे, तो त्यांचा उच्चार आहे. चूक आहे ती नुसत्या अक्षरावर विसंबणाऱ्या पद्धतीची. रेडिओवर ‘पुणे’ आणि ‘धुळे’सुद्धा एकसारखे ऐकू येऊ शकतात. स्वर तेच, क्रम तोच.

‘मग अंकलिपी आहेच की, क कमळाचा, ख खडूचा,’ असे सुचवले जाईल. अंकलिपीतले शब्द मुलाला चित्र दाखवण्यासाठी निवडलेले आहेत, गोंगाटात ओळखू येण्यासाठी नाहीत. आणि घराघरांतली अंकलिपी वेगळी. कुणाचा ग गवताचा, कुणाचा गणपतीचा. ‘झ झोपाळ्याचा’ आणि ‘भ भोपळ्याचा’ दोन्ही शब्द सुटे सुटे उत्तम आहेत. एका यादीत मात्र ते नेक्टर आणि व्हिक्टरसारखे एकमेकांना खातात. ‘बाणाचा ण’ आणि ‘बाळाचा ळ’ तर मुळीच नको, कारण त्यांच्यात फरक आहे तो नेमका ण आणि ळ यांचाच, जो कळत नाही म्हणून आपण शब्द घेतला होता.

माझ्या मते मराठी यादीचे नियम असे असावेत. शब्द विदर्भापासून कोकणापर्यंत घरोघरी माहीत असलेला हवा. शक्यतो तीन-चार अक्षरांचा. क-ख, ग-घ अशा जोडीतले दोन शब्द पहिले अक्षर सोडूनही पूर्ण वेगळे. गावाचे नाव चालणार नाही, कारण गावाचे नाव हा संदेशाचाच भाग असतो. आणि जो शब्द त्या कामात खऱ्या अर्थाने येतो, तोही चालणार नाही. ‘ग गणपतीचा’ हा विसर्जनाच्या रात्री सर्वांत वाईट शब्द, ‘प पालखीचा’ हा वारीत. या नियमांनी काही शब्द सुचतात: कबूतर आणि खजिना, गुलाब आणि घड्याळ, डमरू आणि ढेकूण, तलवार आणि थालीपीठ, दप्तर आणि धनुष्य, पतंग आणि फुलपाखरू, बदक आणि भोपळा. झसाठी झुंबर, रसाठी रताळे, वसाठी वेलदोडा. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, तेव्हा शेवटच्या अक्षराचा शब्द घ्यावा, रावणाचा ण आणि पिंपळाचा ळ, आणि एवढे दोन अपवाद पाठ करावेत. षसाठी ‘पोटफोड्या’ आहेच, त्याहून चांगला शब्द सुचवताच येणार नाही. हा कच्चा मसुदा आहे. खऱ्या संचांवर, खऱ्या गोंगाटात, निरनिराळ्या बोलींच्या माणसांकडून तो तपासून घ्यायला हवा, आणि जो शब्द हरेल तो निःसंकोच काढून टाकायला हवा.

मात्रांची सोय मात्र आपल्या शाळेने आधीच करून ठेवली आहे. काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पहिला उकार, दुसरा उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार. ही नावे एकमेकांपासून पुरेशी वेगळी आहेत आणि प्रत्येक मराठी माणसाला येतात. सातारा जिल्ह्यातले ढेबेवाडी सांगायचे तर: ‘ढेकूण एक मात्रा, बदक एक मात्रा, वेलदोडा काना, डमरू दुसरी वेलांटी.’ दहा सेकंदांचे काम. अर्धे अक्षर आले की ‘अर्धा’ म्हणायचे. शोधकार्यात नाव उतरवून घेताना ह्रस्व-दीर्घासाठी वेळ घालवू नये. ते नंतर सुधारता येते.

एक गोष्ट मात्र अक्षरे सांगूनही सुटत नाही. कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही. खेड पुण्यात आहे, रत्नागिरीतही. मालेगाव नाशिकमध्ये, वाशीममध्येही. आष्टी बीडमध्ये, वर्ध्यातही. अक्षर न अक्षर बरोबर उतरवले तरी रुग्णवाहिका चुकीच्या जिल्ह्यात जाऊ शकते. गाव, तालुका, जिल्हा हा क्रम तोंडात बसवणे हाही याच शिस्तीचा भाग.

आकड्यांवरही बोलायला हवे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ आले आणि मोठा वाद झाला. मुलांसाठी काय योग्य, तो वाद वेगळा. रेडिओवर ‘एकवीस’ही नको आणि ‘वीस एक’ही नको, ‘दोन, एक’ हवे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, शहात्तर आणि सत्त्याहत्तर हे आकडे समोरासमोर बसूनही चुकतात. त्यात मराठीत सांगणारा आणि हिंदीत ऐकणारा असेल तर विचारूच नका. सुटे आकडे सांगतानाही एक खड्डा आहे: सात आणि आठ. ‘स’ची वरची धार रेडिओने कापली की ‘सात’चा ‘आत’ होतो, आणि तो ‘आठ’च्या अगदी शेजारी जाऊन बसतो. म्हणून गाडी, बोट, दूरध्वनी, अक्षांश-रेखांश यांचे आकडे सेव्हन, एट, नाइनर असे सांगावेत, असे मी सुचवीन. मराठीतच सांगायचे असतील तर दोनदा. शून्याला ‘ओ’ कधीही म्हणू नये. गाड्यांच्या अक्षरमालिकेत ओ आणि आय वापरत नाहीत, कारण शून्य आणि एकाशी होणारा गोंधळ. बँकेच्या आयएफएससी संकेतात पाचवी जागा नेहमी शून्याची असते, आणि फोनवर निम्मे लोक तिथे ‘ओ’ सांगतात.

यादी पाठ झाली म्हणजे काम झाले, असेही नाही. बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोलायला सुरुवात करावी. रिपीटर, म्हणजे संदेश पकडून पुढे पाठवणारे यंत्र, उघडायला आणि डिजिटल संचाला वाट जोडायला वेळ लागतो. घाई केली की पहिलेच अक्षर कापले जाते, आणि नेमके ते महत्त्वाचे असते. माइक तोंडापासून तीन-चार बोटे दूर, किंचित तिरपा. अगदी ओठांशी धरला की ‘प’ आणि ‘ब’चे फटके बसतात आणि आवाज फाटतो. आधी पूर्ण शब्द, मग ‘अक्षरे सांगतो’, मग अक्षरे, मग पुन्हा पूर्ण शब्द. अक्षरे तीन-तीनच्या गटांत सांगून मध्ये श्वासभर थांबावे, कारण समोरचा पावसात, गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत आहे. त्याच्या पेनचा वेग हाच तुमचा वेग. ‘नोव्हेंबर’च म्हणावे, ‘एन फॉर नोव्हेंबर’ नव्हे. तो ‘एन’ ऐकू येत नाही म्हणूनच तर शब्द आला, आणि ‘फॉर’ हा चार समजला जाऊ शकतो. ऐकणाऱ्याने सगळे त्याच शब्दांत परत म्हणून दाखवावे. ‘रॉजर’ म्हणजे ऐकले, बरोबर उतरवले असा त्याचा अर्थ होत नाही. चूक झाली तर ‘दुरुस्ती’ म्हणून शेवटच्या बरोबर अक्षरापासून पुन्हा सुरू करावे.

हे सगळे शिकवायला किती वेळ लागतो? दोन तासांचा एक वर्ग आणि आठवडाभराचा सराव. सरावही सोपा. दोघे दोन खोल्यांत, स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबून ठेवणारी संचातली सोय, उघडा ठेवून खरखर चालू, आणि पाच-पाच अक्षर-आकड्यांचे दहा गट, म्हणजे पन्नास खुणा. पहिल्या फेरीत नुसती अक्षरे, दुसऱ्या फेरीत घरचे शब्द, तिसऱ्या फेरीत प्रमाण यादी. प्रत्येक फेरीतल्या चुका मोजून फळ्यावर लिहाव्यात. पन्नासपैकी पन्नास लागोपाठ दोनदा येईपर्यंत संच कोणाच्या हाती देऊ नये. आपत्ती प्राधिकरणाच्या स्वयंसेवक वर्गात, होमगार्डच्या कवायतीत, मत्स्य विभागाच्या बंदरांवरच्या बैठकांत हे बसवायला वेगळा निधी लागत नाही. मराठी यादीची चाचणी राज्याच्या बिनतारी विभागाने आणि एखाद्या विद्यापीठाच्या भाषाशास्त्र विभागाने मिळून करावी, म्हणजे ती कोण्या एकाच्या आवडीची राहणार नाही. २०२७ च्या नाशिक कुंभमेळ्यात लाखोंच्या गर्दीत हरवलेल्या मुलांची आणि म्हाताऱ्यांची नावे एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्याकडे सांगितली जाणार आहेत. सांगणारा बुलढाण्याचा असेल, ऐकणारा सिंधुदुर्गचा, आणि हरवलेली आजी बिहारमधली. यादी त्याआधी तयार हवी, चाचणी होऊन, व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पत्र्यावर छापून, प्रत्येक संचाच्या पाठीवर चिकटवलेली.